डॉक्टरांवर केस करायची तर

"केस होईल का हो?" रुग्णाचे नातेवाईक वकिलाकडे किंवा ग्राहक संघटनेच्या कार्यालयात येतात ते हाच प्रश्न घेऊन. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं, एक्स-रेची मोठी पाकिटं. केस काय, कोणावरही होते. तक्रार टंकून ग्राहक आयोगात दाखल केली की तिला क्रमांक पडतो. ती टिकेल का, हे सांगणं अवघड. आणि ते बहुतेक वेळा घटनेनंतरच्या पहिल्या दोन-चार आठवड्यांतच ठरून गेलेलं असतं; घरातली माणसं दुःखात, संतापात आणि बिलाच्या भानगडीत बुडालेली असतात नेमक्या त्याच दिवसांत. म्हणून त्या दिवसांत काय करायचं आणि पुढे कायदा तुमच्याकडे काय मागतो, ते इथे सांगतो आहे.

हलगर्जीपणा कशाला म्हणायचं

रुग्ण दगावला, ऑपरेशन बिघडलं, खर्च अंदाजाच्या तिप्पट झाला, एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. उपचार नीट होऊनही माणसं जातात. कायद्याला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: त्या डॉक्टरांनी रुग्णाची जबाबदारी घेतली होती, ती पार पाडताना त्यांनी कसूर केली, त्या कसुरीमुळेच अपाय झाला, आणि त्या अपायाने तुमचं अमुक नुकसान झालं.

यातली जबाबदारी कोणती, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते एका कोकणातल्या अपघातावरून. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः डॉक्टर. मुलाला टॅक्सीत घालून थेट पुण्याला आणलं. तिथल्या सर्जननी पुरेशी भूल न देता, माणसं लावून, जोर करून पाय ओढला आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असं न्यायालयांनी पुराव्यावरून मानलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६८ मध्ये ३,००० रुपयांची भरपाई कायम झाली. रक्कम आज किरकोळ वाटते, पण त्या निकालातली तीन कर्तव्यं अजूनही प्रत्येक तक्रारीत उद्धृत होतात. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. तक्रार लिहायला बसाल तेव्हा यातलं नेमकं कुठलं कर्तव्य मोडलं, ते एका वाक्यात लिहून बघा. तेवढं एक वाक्य लिहिता येत नसेल, तर पुढची वीस पानं लिहून काही हाती लागत नाही.

मोजपट्टी कोणती? शहरातल्या सर्वांत नामवंत तज्ज्ञाची नव्हे. त्याच शाखेतला साधारण कुवतीचा, शहाणा डॉक्टर त्या परिस्थितीत कसा वागला असता, ही. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती पक्की केली. दोन मान्य उपचारपद्धती असतील आणि डॉक्टरांनी त्यातली एक निवडली, तर "दुसरी निवडली असती तर माणूस वाचला असता" एवढं म्हणून चालत नाही. साधी चूक, अंदाज हुकणं, यालाही कायदा हलगर्जीपणा म्हणत नाही. हे वाचून राग येईल, पण सामनेवाल्यांचे वकील पहिल्याच दिवशी हेच मांडणार आहेत, तेव्हा ते आधी आपण आपल्याला विचारलेलं बरं.

माझ्या मते सर्वांत जास्त तक्रारी कोसळतात त्या सुरुवातीच्या चार गोष्टींपैकी तिसरीवर. कसूर दिसते, पण तिच्यामुळेच माणूस गेला, हे जोडता येत नाही. समजा, रात्री रुग्णाला धाप लागली, नर्सने फोन केला, डॉक्टर तीन तासांनी आले, पहाटे रुग्ण गेला. तीन तासांचा उशीर ही कसूर आहेच. पण रुग्णाचं यकृत आधीच निकामी होत आलेलं असेल, तर सामनेवाले म्हणणार की डॉक्टर दहा मिनिटांत आले असते तरी निकाल तोच लागला असता. त्याला उत्तर कागदातूनच द्यावं लागतं. संध्याकाळी ऑक्सिजनचं प्रमाण किती होतं, ते कधी घसरलं, घसरल्यावर काय दिलं, व्हेंटिलेटर उपलब्ध होता का, मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलं. ही साखळी सलग जुळली तर तक्रार उभी राहते.

काही घटना मात्र स्वतःच बोलतात. १९६३ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि काही दिवसांत ती गेली. टॉवेल पोटात कसा राहिला, हे नातेवाइकांनी सिद्ध करत बसण्याची गरज नाही. तो राहिला हाच पुरावा. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केले ते १९९६ मध्ये. घटनेनंतर तेहेतीस वर्षांनी. त्याच वर्षी मुंबईतल्या एका प्रकरणात याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं दिली, तर ज्या शाखेचं ज्ञान नाही त्या शाखेत हात घातला हाच हलगर्जीपणा. तेव्हा डॉक्टरांच्या पाटीवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक यांचा फोटो काढून ठेवणं वाया जात नाही.

आधी फाइल, मग बाकी सगळं

डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाइल नव्हे. डिस्चार्ज कार्ड हा रुग्णालयाने शेवटी, सावकाश बसून लिहिलेला गोषवारा असतो. खरी हकीकत असते ती इनडोअर केसपेपरमध्ये: डॉक्टरांच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, नाडी-ताप-बीपीचा तक्ता, कोणतं औषध किती वाजता दिलं त्याचा तक्ता, भूलतज्ज्ञांची नोंद, ऑपरेशन नोट, संमतीपत्रं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावल्याच्या चिठ्ठ्या, रक्त दिलं असेल तर पिशवीचे क्रमांक. एका फाइलमध्ये रात्री दोनपासून सकाळी सहापर्यंत दर तासाला बीपी १२०/८० लिहिलेलं मी पाहिलं आहे. एकाच पेनाने, एकाच सरळ ओळीत. रुग्ण पहाटे पावणेपाचला गेला होता. सहाच्या रकान्यातही १२०/८० होतंच. अशी एक ओळ दहा साक्षीदारांचं काम करते.

ही फाइल मागणं हा तुमचा हक्क आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, आणि दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं सांभाळावी लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच रुग्णाला आणि नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत, असं म्हटलं होतं. तरीही काउंटरवर "आमच्याकडे तसा नियम नाही", "साहेब सुट्टीवर आहेत", "कोर्टाची ऑर्डर आणा" हे ऐकायला मिळतं. वाद घालू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा:

"माझे वडील, नाव अमुक, आयपीडी क्रमांक अमुक, दिनांक अमुक ते अमुक आपल्या रुग्णालयात दाखल होते. त्यांच्या संपूर्ण इनडोअर केसपेपरच्या, सर्व तपासण्यांच्या, नर्सिंग नोंदींच्या, संमतीपत्रांच्या आणि ऑपरेशन नोटच्या प्रती, तसेच सीटी स्कॅन व एमआरआयच्या सीडी मला ७२ तासांत मिळाव्यात. झेरॉक्सचा खर्च देण्यास तयार आहे."

खाली सही, तारीख, मोबाइल क्रमांक. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा आणि पोच जपून ठेवा. फाइल मिळाली नाही, तरी अर्जाची ही पोच पुढे कामाला येते: मागूनही दिली नाही, तर त्यात लपवण्यासारखं काही असावं, असा निष्कर्ष आयोग काढू शकतो. फाइल मिळाल्यावर प्रत्येक पानावर पेन्सिलीने क्रमांक घाला. बिलं आणि ईसीजीच्या पट्ट्या थर्मल कागदावर असतात, वर्षभरात पुसट होतात. त्यांच्या झेरॉक्स पहिल्याच आठवड्यात काढा. गाठ किंवा अवयव काढला असेल तर त्याचे ब्लॉक आणि स्लाइड कोणत्या लॅबमध्ये आहेत ते विचारून घ्या.

मृत्यू झाला असेल तर एक कठीण निर्णय काही तासांत घ्यावा लागतो, तो शवविच्छेदनाचा. आपल्याकडे "आता देहाची आणखी विटंबना नको" म्हणून ते टाळलं जातं, आणि महिन्याभराने शंका पक्की होते तेव्हा पुरावा उरलेला नसतो. शंका असेल तर प्रेत ताब्यात घेण्याआधी स्थानिक पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या, अकस्मात मृत्यूची नोंद करायला सांगा, आणि विच्छेदन त्या रुग्णालयात न होता सरकारी रुग्णालयात व्हावं, व्हिडिओ चित्रण व्हावं, अशी मागणी त्यात लिहा. "शवविच्छेदन नको" असा छापील कागद कोणी पुढे केला तर वाचल्याशिवाय सही करू नका.

याच तासांत आणखी एक गोष्ट घडते. कोणीतरी काच फोडतं, कोणीतरी निवासी डॉक्टरच्या अंगावर जातं. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. ज्याचा माणूस गेला तोच आरोपी होतो. समोर बहुधा पंचवीस वर्षांचा, छत्तीस तास न झोपलेला पोरगा असतो, निर्णय घेणारे डॉक्टर घरी असतात, हा भाग वेगळाच.

दोन वर्षांची मुदत

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण प्रत्येक टप्प्याचं पटणारं कारण द्यावं लागतं. "वेळ मिळाला नाही", "डॉक्टर तोडगा काढतो म्हणाले होते" ही कारणं चालतील, या भरवशावर राहू नका. तडजोडीच्या गोड बोलण्यात दोन वर्षं सरलेली प्रकरणं थोडी नाहीत.

दोन वर्षं मोजायची कुठून? चूक लगेच दिसली, तर त्या दिवसापासून. ती पोटात दडलेली असेल, तर रुग्णाला कळली किंवा सावध माणसाला कळायला हवी होती त्या दिवसापासून. यातली "कळायला हवी होती" ही अट किती बोचरी आहे, ते गोव्यातल्या एका परिचारिकेच्या प्रकरणात दिसलं. मुंबईत १९९३ मध्ये तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पुढची नऊ वर्षं पोटात दुखत राहिलं, ती वेदनाशामकं घेत राहिली. २००२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पोटातून गॉज निघाला आणि २००४ मध्ये तिने तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली: सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या बाईने इतकी वर्षं दुखत असताना त्या सर्जनकडे किंवा दुसऱ्या तज्ज्ञाकडे जायला हवं होतं. मला हा निकाल कठोर वाटतो. गॉज विसरला सर्जन आणि वेळेचा हिशेब द्यावा लागला रुग्णाला. पण निकाल आहे तो असा आहे. ऑपरेशननंतर काही महिने दुखणं राहिलं तर लेखी सल्ला घ्या, सोनोग्राफी करा, कागद ठेवा.

दार कोणतं ठोठावायचं

भरपाई हवी असेल तर बहुतेकांसाठी दार एकच, ग्राहक आयोग. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा ठरली. २०१९ चा नवा कायदा आल्यावर, त्याच्या व्याख्येत आरोग्यसेवेचं नाव नाही म्हणून डॉक्टर त्यातून सुटले, असा दावा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यात हात घातला नाही. बिल विमा कंपनीने भरलं, तरी रुग्ण ग्राहकच राहतो. कामगार विमा योजनेचे रुग्णही ग्राहक आहेत, असं २००७ मध्ये ठरलं आहे. धर्मादाय रुग्णालयात काही रुग्णांकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत ठेवतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहक.

ज्या रुग्णालयात सगळ्यांनाच सगळं मोफत मिळतं, तिथल्या रुग्णाला मात्र आयोगाचं दार बंद आहे. पाच-दहा रुपयांचा केसपेपर काढला म्हणजे पैसे दिले, असं धरत नाहीत. अशा वेळी दिवाणी दावा लावावा लागतो, आणि शासन प्रतिवादी असेल तर त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. दिवाणी दाव्याच्या मुदतीचे आणि कोर्ट फीचे नियम निराळे आहेत. तिथे वकिलाशिवाय एक पाऊल टाकू नये.

आयोग कोणता, याबद्दल अजून खूप गोंधळ आहे. जुन्या कायद्यात मागितलेल्या भरपाईवरून आयोग ठरायचा. आता तो ठरतो तुम्ही रुग्णालयाला दिलेल्या रकमेवरून. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याच्या वर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. म्हणजे बिल चार लाखांचं असेल आणि भरपाई दीड कोटीची मागायची असेल, तरी तक्रार जिल्ह्यातच जाते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीसपर्यंत ४००, पन्नासपर्यंत १,०००. आणखी एक सोय या कायद्याने केली, जिची खेड्यापाड्यातल्या लोकांना सर्वांत जास्त गरज होती: तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. उदगीरच्या रुग्णावर पुण्यात उपचार झाले असतील, तरी लातूरच्या जिल्हा आयोगात जा. पुण्याच्या तारखांना एसटीचे हेलपाटे घालायला नकोत. २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावर घरबसल्याही दाखल करता येते.

तक्रार रुग्ण स्वतः करतो. तो हयात नसेल तर कायदेशीर वारस, मूल असेल तर आई-वडील किंवा पालक. वारसांत पत्नी, मुलं, आई अशा सगळ्यांची नावं सुरुवातीलाच घाला. सामनेवाले म्हणून रुग्णालय आणि उपचार करणारे डॉक्टर दोघांनाही घ्या. आत कोणकोणते डॉक्टर येऊन गेले हे तुम्हाला ठाऊक नसेल, तरी अडत नाही: रुग्णालय आपल्या डॉक्टरांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या कृत्याला जबाबदार असतं, आणि एखाद्या डॉक्टराचं नाव राहिलं म्हणून तक्रार फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं आहे. वकिलाची नोटीस आधी देणं कायद्याने सक्तीचं नाही. तरी द्यावी, उत्तरात रुग्णालय जी बाजू घेतं, तिला ते पुढे बांधील राहतं.

तज्ज्ञाचं मत

तक्रारीला तज्ज्ञाचं मत लागतंच का, यावर दोन परस्परविरोधी निकाल कानावर येतात, म्हणून थोडं थांबतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात म्हटलं होतं, की डॉक्टरांना नोटीस काढण्याआधी तज्ज्ञांचं मत घ्यावं. पुढच्याच वर्षी, मलेरिया झालेल्या रुग्णाला टायफॉइडचे उपचार दिल्याच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की असा सरसकट नियम नाही. गुंतागुंतीच्या प्रकरणातच तज्ज्ञ लागतो. सामनेवाल्यांचे वकील अजूनही पहिला निकाल पुढे करतात. तुमच्या वकिलाच्या फाइलीत दुसरा हवा.

कायदा असा असला तरी व्यवहार सांगतो, की टॉवेल किंवा कात्री राहण्यासारखं उघड प्रकरण सोडलं, तर तज्ज्ञाच्या मताशिवाय जाऊ नका. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही, हे खरं आहे. दुसऱ्या शहरातला, त्याच शाखेचा, शक्यतो सरकारी महाविद्यालयातून निवृत्त झालेला प्राध्यापक शोधा. त्याला तुमची हकीकत ऐकवू नका, फाइल द्या आणि तीनच प्रश्न लेखी विचारा: या परिस्थितीत काय करायला हवं होतं, काय केलं गेलं, आणि फरकाचा परिणाम काय. उत्तर तुमच्या विरुद्ध आलं तर तेही ऐका. पुढची सहा-सात वर्षं आणि वकिलाची फी वाचते. आयोगाकडे अर्ज करून सरकारी रुग्णालयाच्या मंडळाचा अहवालही मागवता येतो.

पुढची वाट थोडक्यात. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे एरवी २१ दिवसांत ठरतं. सामनेवाल्यांना लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं. पुरावा शपथपत्रावर होतो, उलटतपासणी बहुधा लेखी प्रश्नावलीने. तडजोडीसाठी मध्यस्थाकडे बरीच ग्राहक प्रकरणं पाठवतात, पण मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय प्रकरणं नियमानेच त्यातून वगळली आहेत. कायद्यात निकालाला तीन ते पाच महिने लिहिले आहेत; त्यावर कोणी तारखा धरून बसत नाही. जिल्ह्याच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील, आणि रुग्णालय अपिलात गेलं तर त्याला निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

भरपाईचा आकडा हवेतून काढू नका. बिलं, पुढच्या उपचारांचा खर्च, आयकर विवरणपत्रं किंवा पगारपत्रक, वय, अवलंबून असलेली माणसं यांचा हिशेब मांडा. गृहिणीच्या श्रमालाही किंमत आहे, ती मांडा. कोलकात्याच्या एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपये दिले ते अमेरिकेतल्या उत्पन्नाच्या तपशीलवार पुराव्यावर. तो आकडा वाचून एक कोटीची मागणी टाकणारे बरेच, तेवढा पुरावा जोडणारे थोडे.

संमतीपत्राचं प्रकरणही तपासा. तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे. भुलीखाली असलेल्या एका स्त्रीच्या आईची सही घेऊन गर्भाशय काढल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे ठणकावलं. रुग्ण सज्ञान असेल, शुद्धीवर येऊ शकत असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर नातेवाइकाची सही पुरत नाही. मराठी माणसाकडून कोऱ्या इंग्रजी फॉर्मवर रात्री अकराला घेतलेली सही फाइलमध्ये असेल, तर ते पान वेगळं काढा.

पोलिस आणि मेडिकल कौन्सिल

पोलिसांत जाण्याची घाई करू नये, असं माझं मत आहे. फौजदारी गुन्ह्याला साधा हलगर्जीपणा पुरत नाही, तो घोर असावा लागतो. जेकब मॅथ्यू निकालानुसार पोलिसांना आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं, मत घ्यावं लागतं आणि सरसकट अटक करता येत नाही. म्हणून प्रकरण सरकारी डॉक्टरांच्या समितीकडे जातं. पुण्यात ते ससून रुग्णालयाकडे जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरांना दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, भरपाई नाही. आणि समितीने "हलगर्जीपणा आढळला नाही" असं लिहिलं, तर तोच कागद ग्राहक आयोगात तुमच्यासमोर येतो. डॉक्टर दारू पिऊन आले, बनावट पदवी निघाली, नोंदी खाडाखोड करून बदलल्या, असं काही असेल तर गोष्ट वेगळी; मग पोलिसांत जाच.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरांना ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ नोंदणी निलंबित करू शकते; पैसे देववू शकत नाही. दंतवैद्य, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी परिषदा वेगळ्या आहेत. फाइल ७२ तासांत दिली नाही, हीसुद्धा कौन्सिलकडे करण्याजोगी तक्रार आहे, आणि ती करावी.

आता डिस्चार्ज कार्ड किंवा मृत्यूचा दाखला काढा, त्यावरची तारीख बघा, तिच्यात दोन वर्षं मिळवून तो दिवस कॅलेंडरवर लिहा. त्याच्या आधीचे सहा महिने तक्रार लिहायला लागतात, असं धरून चाला. फाइलसाठीचा अर्ज अजून दिला नसेल तर तो आजच द्या. त्याला वकील लागत नाही.